लाईन असताना आलेला ताप

(सामुदायिक रेडिओवरील आरोग्याच्या कार्यक्रमात बचत गटांच्या समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आजचा विषय जरा वेगळा आहे. कॅन्सरच्या पेशंटला हातात किंवा छातीत जी नळी बसवतात, जिला दवाखान्यात सगळे नुसतं ‘लाईन’ म्हणतात, तिच्याविषयी आज बोलायचंय. तुम्ही म्हणाल, हे डॉक्टरांचं काम, आपल्याला काय त्याचं? पण बघा, पेशंट दवाखान्यात असतो दोन दिवस आणि घरी असतो वीस दिवस. ते वीस दिवस ती लाईन सांभाळतं कोण? स्वतः ती बाई, तिची सून, तिची जाऊ, शेजारीण. म्हणजे आपणच.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. गटांच्या बैठका घेत गावोगाव फिरते. गेल्या काही वर्षांत आमच्या गटांमधल्या बऱ्याच बायकांची केमो झाली. त्यांच्याबरोबर दवाखान्यात बसून, तिथल्या सिस्टरना विचारून विचारून जे समजलं, ते आज तुमच्यापुढं मांडते. शेवटी निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण डॉक्टरांना फोन कधी करायचा, हे आपल्याला कळलं पाहिजे. आज सगळं विसरलात तरी एक वाक्य लक्षात ठेवा. लाईन असलेल्या पेशंटला ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही.

आता ते का, हे नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, ही लाईन लागतेच कशाला? केमोची काही औषधं फार जहाल असतात. स्तनाच्या कॅन्सरला एक लाल रंगाचं औषध देतात, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. हाताच्या बारीक शिरेतून ते देताना शिरेबाहेर सांडलं, तर आतलं मांस भाजल्यासारखं होतं, जखम होते, ती महिनोन् महिने भरत नाही. आणि सांडलं नाही तरी चार-सहा वेळा औषध गेल्यावर हाताच्या शिरा कडक होतात, काळ्या पडतात. मग सिस्टर सुई टोचून टोचून थकतात आणि पेशंट रडकुंडीला येतो.

मूठभर मीठ तांब्यात टाकलं तर पाणी तोंडात धरवत नाही. तेच मीठ भरल्या विहिरीत टाकलं तर कळतसुद्धा नाही. हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी म्हणजे ती विहीर. तिथं रक्ताचा प्रवाह मोठा असतो, औषध पडल्या पडल्या पातळ होऊन अंगभर जातं. म्हणून एक लांब, मऊ नळी शिरेतून आत सरकवत नेतात आणि तिचं टोक हृदयाच्या तोंडाशी ठेवतात.

ही नळी आत नेता येते, हे पहिल्यांदा दाखवलं जर्मनीतल्या वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरनं, १९२९ साली. वरिष्ठ परवानगी देईनात, आणि निर्जंतुक हत्यारांच्या कपाटाची किल्ली गेर्डा डिट्झेन या नर्सकडं. ती बाई म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्यानं तिला टेबलावर बांधलं, आणि नळी घातली मात्र स्वतःच्या हातात. तशीच ती हातातली नळी घेऊन जिना उतरून तो एक्स-रेच्या खोलीत गेला, आणि नळीचं टोक हृदयात पोचलेलं फोटोत दिसलं. पुढं १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. आज आपल्या बायकांच्या दंडातून जी नळी जाते, तिची वाट तीच आहे.

आता या लाईनचे प्रकार. आपल्याकडं मुख्यतः दोन दिसतात.

एक पिक लाईन. ही दंडातून घालतात. नळीचं एक टोक हृदयाजवळ आणि दुसरं टोक दंडावर बाहेर लोंबतं, त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. काही पेशंटना छातीवर बाहेर लोंबणारी नळी असते, तिला हिकमन लाईन म्हणतात. काळजी जवळपास सारखीच.

दुसरा प्रकार म्हणजे केमोपोर्ट. यात गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, कातडीच्या आत एक छोटी डबी बसवतात, साधारण मोठ्या बटणाएवढी. बाहेर काहीच दिसत नाही, फक्त उंचवटा लागतो. औषध देताना कातडीतून त्या डबीत खास सुई टोचतात, काम झालं की काढून घेतात. पोर्टला सुरुवातीला खर्च जास्त आणि छोटं ऑपरेशन लागतं, पण पुढं घरची कामं सोपी जातात. पिक लाईन बसवणं सोपं, खर्चही कमी, पण दर आठवड्याला ड्रेसिंगला जावं लागतं. डॉक्टरांनी दोन्हींबद्दल सांगितलं, तर आपलं गाव दवाखान्यापासून किती लांब आहे आणि घरी कोण आहे, हे त्यांना मोकळेपणानं सांगा. जतच्या पूर्व भागातल्या बाईला दर आठवड्याला मिरजेला जाणं आणि मिरजेतच राहणाऱ्या बाईनं जाणं, यात फरक आहे.

बसवतानाही धोका असतो. गळ्याजवळून नळी घालताना कधी फुफ्फुसाला सुई लागून छातीत हवा भरते, कधी भलत्याच रक्तवाहिनीला सुई लागते. म्हणून नळी बसवल्यावर छातीचा फोटो काढून टोक बरोबर जागी आहे का ते बघतात. त्या दिवशी दम लागला, छातीत दुखलं, तर लाजू नका, लगेच सांगा.

आता घरी आल्यावरचे धोके. मुख्य चार आहेत. जंतू, गुठळी, तुंबणं, आणि निसटणं किंवा तुटणं.

मोठा धोका जंतूंचा, म्हणून त्याला जास्त वेळ देते.

आपली कातडी म्हणजे घराची भिंत. साधी जखम झाली तर जंतू आधी मांसात अडकतात, शरीर त्यांच्याशी लढतं. पण लाईन म्हणजे भिंतीला पाडलेलं दार, आणि ते थेट देवघरात उघडतं. या दारातून गेलेला जंतू काही मिनिटांत अंगभर पोचतो. त्यात केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. केमो झाल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान त्या सगळ्यांत खाली जातात. म्हणजे दार उघडं आणि राखणदार आजारी. म्हणून साध्या माणसाला जो ताप दोन दिवसांत उतरतो, तोच ताप या पेशंटचा जीव घेऊ शकतो, तोही काही तासांत.

खटाव तालुक्यातल्या एका गटातल्या ताईची गोष्ट सांगते. तिला पोर्ट बसवलेला. तिसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री नऊला अंग तापलं. घरचे म्हणाले, दिवसभर उन्हात बसली होती, त्यानं झालं असेल. तापाची गोळी दिली. घाम आला, ताप उतरला, सगळे निवांत झोपले. पहाटे हुडहुडी भरली. परत गोळी, परत घाम. सकाळी गावातल्या डॉक्टरांकडं नेलं, तिथं अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. दुपारी बाई बरळायला लागली, हातपाय गार पडले. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत रक्तदाब पार खाली गेलेला. अकरा दिवस ती तिथं होती, त्यातले चार अतिदक्षता विभागात. पोर्ट काढावा लागला, केमो महिनाभर पुढं गेली. ती वाचली, आज गटाच्या बैठकीला येते. पण तिचा नवरा म्हणाला ते मला विसरता येत नाही. तो म्हणाला, “ताई, गोळीनं ताप उतरला ना, म्हणून आम्ही फसलो.”

मैत्रिणींनो, तापाच्या गोळीनं ताप उतरतो, जंतू मरत नाही. म्हणून लाईन असलेल्या घरात पहिली वस्तू हवी ती थर्मामीटर. हात लावून ताप बघायचा नाही, मोजायचा. १००.४ किंवा त्याहून जास्त आला, की आधी दवाखान्यात फोन, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय गोळी नाही.

आणि कधी कधी ताप नसतानाही जंतू झालेला असतो. म्हाताऱ्या माणसांत आणि काही औषधं चालू असणाऱ्यांत ताप चढतच नाही. नुसती थंडी वाजते, ग्लानी येते, लघवी कमी होते, धाप लागते, माणूस असंबद्ध बोलतो. हेसुद्धा तापाइतकंच गंभीर समजायचं.

अजून एक खूण. लाईन धुतल्यावर, म्हणजे नळीतून सलाईनचं पाणी सोडल्यावर, किंवा लाईनमधून सलाईन सुरू केल्यावर तासाभरात हुडहुडी भरली, तर जंतू नळीतच बसलेला असण्याचा संशय असतो. सिस्टरना हे जरूर सांगा, कारण हे सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही.

दवाखान्यात गेल्यावर ते आधी लाईनमधून आणि हातातून असं दोन्हीकडून रक्त घेतात, जंतू शोधायला. मग लगेच शिरेतून जंतूचं औषध सुरू करतात. पोचल्यापासून तासाभरात पहिला डोस गेला पाहिजे, असा नियम आहे. म्हणून केसपेपर काढण्याच्या रांगेत गप्प उभं राहायचं नाही. खिडकीवर मोठ्यानं सांगायचं, “कॅन्सरचा पेशंट आहे, केमो चालू आहे, लाईन आहे आणि ताप आहे.” ही चार वाक्यं पाठ करा. १०८ ला फोन केला तरी हीच चार वाक्यं सांगा.

लाईन काढायची की ठेवायची, हे डॉक्टर ठरवतात. काही जंतू औषधानं जातात आणि लाईन वाचते. काही जंतू आणि बुरशी नळीलाच चिकटून बसतात, तेव्हा ती काढावीच लागते. त्यात हळहळण्यासारखं काही नाही, नळी दुसरी बसवता येते.

आतल्या जंतूच्या आधी कधी कधी बाहेर खूण दिसते. नळी जिथून बाहेर येते तिथं लाली, सूज, दुखणं, पू, ओलसरपणा. पोर्ट असेल तर डबीवरची कातडी लाल, गरम, किंवा पातळ झालेली दिसते. रोज एकदा उजेडात बघायचं. तिथं हळद नाही, राख नाही, अंगारा नाही, तेल नाही, झाडपाला नाही. आपल्या आज्यांनी हळदीनं जखमा बऱ्या केल्या हे खरं, पण त्या जखमेतून काळजापर्यंत नळी गेलेली नव्हती.

दुसरा धोका गुठळीचा. कॅन्सरमध्ये मुळात रक्त गोठायला सोपं असतं, त्यात शिरेत नळी. नळीभोवती रक्ताची गुठळी होते आणि शीर अडते. मग तो हात सुजतो, जड वाटतो, दंड किंवा काख दुखते, बांगड्या अचानक घट्ट होतात. मान, चेहरा सुजतो, छातीवर निळ्या शिरा दिसायला लागतात. बांगड्या घट्ट झाल्या ही फार चांगली खूण आहे, आपल्या बायकांना लगेच कळते. अशा वेळी हात चोळायचा नाही, तेल लावून मालिश नाही, शेक नाही. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर एकदम दम लागतो, छातीत कळ येते, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. दवाखान्यात सोनोग्राफी करून गुठळी दिसते, मग रक्त पातळ होण्याचं औषध बहुतेक निदान तीन महिने देतात. पुष्कळदा लाईन काढावीही लागत नाही. पण ते औषध बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही.

तिसरा धोका, लाईन तुंबणं. हे तासगावच्या द्राक्षवाल्या बायकांना सांगायलाच नको. ठिबकची नळी धुतली नाही तर तोट्या बंद पडतात, तसंच हे. पिक लाईन वापरात नसली तरी आठवड्यातून एकदा धुवावी लागते. पोर्टला साधारण महिन्यातून एकदा, किंवा तुमच्या दवाखान्यानं सांगितलं असेल तसं. हे काम शिकलेल्या सिस्टरचं. नळी तुंबली तर जोर लावून पाणी ढकलायचं नाही. लहान सिरिंजनं तर अजिबातच नाही, लहान सिरिंजचा दाब जास्त असतो, नळी आत फुटू शकते. म्हणून १० मिलीची सिरिंज वापरतात. ठिबकची नळी फुटली तर बदलता येते, ही फुटली तर तुकडा रक्तात वाहून जातो.

पोर्टमधून औषध चालू असताना आग झाली, डबीभोवती फुगलं, तर “सहन करते” म्हणून गप्प बसू नका. सुई सरकून औषध बाहेर सांडत असेल. लगेच सिस्टरला हाक मारा. सहन करायची सवय आपल्याला फार आहे. इथं ती सवय कामाची नाही.

चौथा धोका, निसटणं आणि तुटणं. पिक लाईनचा बाहेरचा भाग किती लांब आहे, हे पहिल्या दिवशी विचारून वहीत लिहून ठेवा. दर ड्रेसिंगला मोजा. जास्त बाहेर आलेली दिसली तर आत ढकलायची नाही. चिकटपट्टीनं आहे तशी धरून ठेवायची आणि दवाखाना गाठायचा. पट्टी कापायला कात्री, ब्लेड लाईनजवळ न्यायचं नाही. आणि लाईन तुटलीच, तर तुटल्या जागेच्या वर, अंगाच्या बाजूला, नळी दुमडून घट्ट दाबून धरायची. चिमटा दिला असेल तर तो लावायचा. नाहीतर रक्त जातं, किंवा हवा आत जाते. हवा आत गेली आणि दम लागला, तर पेशंटला डाव्या कुशीवर, डोकं खाली राहील असं झोपवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

आता आपल्या रोजच्या कामांकडं येते.

पिक लाईन असलेल्या हातानं हंडा उचलायचा नाही, पाणी शेंदायचं नाही, खोरं-कुदळ नाही. पण हात गळ्यात बांधून ठेवायचाही नाही. बोटं हलवणं, हलकी कामं, भाजी निवडणं चालू ठेवायचं. त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, त्या हातातून सुईनं रक्त काढू द्यायचं नाही. ब्लाऊजची बाही सैल हवी. जमलं तर त्या बाहीची शिवण उसवून बंद लावून घ्या, ड्रेसिंगला सोपं जातं.

पोर्ट असेल तर मंगळसूत्राची वाटी किंवा पदराची पिन त्या जागेवर घासणार नाही असं बघा. लहान बाळ अंगावर झोपत असेल तर दुसऱ्या बाजूला घ्या. पोर्टची जखम भरली आणि सुई लावलेली नसेल, तर आंघोळ, घरकाम बरंचसं नेहमीसारखं करता येतं.

पिक लाईन असताना आंघोळीला दंडाला प्लास्टिक गुंडाळून वर-खाली चिकटपट्टी लावायची आणि हात पाण्याबाहेर ठेवायचा. तरीही पट्टी ओली झाली, सुटली, तर सातव्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी बदलून घ्यायची. विहीर, नदी, तळं बंद. माहुलीच्या घाटावर, औदुंबरला कृष्णेत डुबकी नाही. माऊलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, फलटणला येते, तेव्हा मन धावतं मला माहीत आहे. दर्शन घ्या, गर्दी टाळून लांबून घ्या, पण यंदा स्नान नको. पांडुरंगाला आपली अडचण कळते.

शेणाचं, गोठ्याचं काम बंद. दुसऱ्या कोणी धार काढून आली असेल तर साबणानं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय लाईनला हात लावायचा नाही.

आणि महत्त्वाचं. अशक्तपणा आला म्हणून कुणीही लाईनला सलाईन जोडू देऊ नका. गावातले डॉक्टर चांगले असतील, ओळखीचे असतील, पण ही लाईन हाताळायचं शिक्षण वेगळं असतं. दवाखान्यातून निघताना एक चिठ्ठी मागून घ्या. लाईन कोणती, कधी बसवली, कोणी धुवायची, अडचण आली तर फोन कुठं करायचा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ड्रेसिंग करता येईल का, हेही त्यात लिहून घ्या. दर वेळी मुंबईला किंवा मिरजेला जावं लागणार नाही.

हात धुण्याचं एवढं काय, असं वाटेल. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या दवाखान्यांत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी नळी घालताना पाळायची फक्त पाच कामांची यादी लावली. हात धुणं, कातडी जंतुनाशकानं पुसणं, पेशंट पूर्ण झाकून डॉक्टरांनी टोपी-मास्क-गाऊन घालणं, जांघेतून नळी घालणं टाळणं, आणि गरज संपली की नळी काढणं. अतिदक्षता विभागांत लाईनमुळं होणारे रक्तातले जंतू दीड वर्षात जवळजवळ दोन-तृतीयांशानं कमी झाले. हा अभ्यास २००६ साली छापून आला. नवीन औषध नाही, महाग यंत्र नाही. आणि यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की डॉक्टरनं एखादं काम गाळलं तर त्यांना थांबवायचा अधिकार नर्सला दिला होता. तेव्हा आपणही नम्रपणे विचारू शकतो, “सिस्टर, हात धुतले का?” चांगल्या सिस्टरला राग येत नाही.

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला झोपेतही पाठ आहे. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. तशीच लाईनची पंचसूत्री करू. हात धुणं, जागा रोज बघणं, कोरडी ठेवणं, ताप मोजणं, आणि ताप आला की लगेच निघणं.

बैठकांमध्ये दोन-तीन प्रश्न नेहमी येतात, त्यांची उत्तरं देते.

एक, लाईनमुळं कॅन्सर पसरतो का? नाही. लाईन फक्त औषधाची वाट आहे. आणि कॅन्सर शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही.

दोन, केमो संपली, लाईन राहू दे का, पुन्हा लागली तर? डॉक्टरांना विचारा. गरज नसताना राहिलेली लाईन म्हणजे विनाकारण उघडं दार. पिक लाईन केमो संपली की काढून घेतात. पोर्ट काही काळ ठेवतात, पण धुण्याच्या तारखा पाळायच्या. ऊसतोडीला, मुलाकडं पुण्याला जाताना “नंतर बघू” म्हणून लाईन तशीच घेऊन जाऊ नका.

तीन, खर्चाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. लाईन बसवायच्या आधी त्यांना विचारा, लाईनचा आणि ड्रेसिंगचा खर्च यात धरला आहे का. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहेच. परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेतही सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा पिढ्यान् पिढ्या पेशंटना आधार देते.

आता शेवटचं, गटाचं काम. लाईनचा ताप बहुतेक वेळा रात्री येतो असं नाही, पण रात्री आलेला ताप जास्त महागात पडतो. कारण रात्री गाडी नसते, हातात पैसे नसतात, आणि “एवढ्या रात्री कुणाला उठवायचं” हा संकोच असतो. त्या ताईच्या घरीही त्या रात्री हेच झालं होतं. म्हणून तिच्या गटानं पुढं एक ठराव केला. गावात कुणाची केमो चालू असेल, तर गटाच्या पैशातले काही रुपये अध्यक्षाबाईंच्या घरी रोख ठेवायचे. चारचाकी असलेल्या दोन घरांशी आधीच बोलून ठेवायचं. दवाखान्याचा नंबर तिघींच्या मोबाईलमध्ये. थर्मामीटर गटाचा, पेशंटच्या घरी. आणि केमोनंतर ७ ते १४ दिवस रोज संध्याकाळी एका बाईनं जाऊन विचारायचं, ताप मोजला का.

पुढच्या वर्षी त्याच गावात दुसऱ्या एका बाईला रात्री अकराला १०१ ताप आला. तिनं संकोच केला नाही, कारण ठराव तिच्यासमोरच झाला होता. साडेबाराला ती दवाखान्यात होती. पाच दिवसांत घरी आली. लाईनही वाचली.

हे करायला डॉक्टर व्हावं लागत नाही. कर्जाचे हप्ते आपण जसे तारीख-वार लक्षात ठेवतो, तसंच हे लक्षात ठेवायचं. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या गावात कुणाला लाईन आहे का, हे हळू आवाजात, तिचा मान राखून विचारा. आणि असेल, तर ठरावाच्या वहीत आजच लिहा, रात्री फोन कुणाला करायचा.

काळजी घ्या, एकमेकींची घ्या.